चहाची पाळी कोणाची

पहाटे साडेपाच

गवळी सात लिटर दूध ओतून गेला आहे आणि आज ज्याची चहाची पाळी आहे तो वरच्या खोलीत गाढ झोपलेला आहे. रात्रपाळीचा कार्यकर्ता दूध फ्रिजमध्ये ठेवतो, फळ्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचतो आणि बाहेर ओट्यावर येऊन बसतो. त्यानं स्वतः आधण ठेवलं असतं तर पंधरा मिनिटांत सगळ्यांना चहा मिळाला असता. तो ठेवत नाही. आमच्याकडे नव्यानं कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला हेच सर्वांत जड जातं. नर्सिंग शिकलेल्या मुलींना तर फारच, कारण दुसऱ्याची गैरसोय दिसली की हात आपोआप पुढे होतो. इथे तो आवरायचा असतो.

पुण्याबाहेर, सातारा रस्त्यापासून थोडं आत, एका गावात हे घर आहे. अठरा शुभार्थी, म्हणजे आजारातून सावरणारी माणसं, राहतात. बहुतेकांना स्किझोफ्रेनिया, काहींना बायपोलर डिसऑर्डर. सगळे रुग्णालयातून बरे होऊन आलेले, पण घरी परतून स्वतःचं आयुष्य चालवण्याइतकी उभारी अजून न आलेले. कोणी सहा महिने राहतं, कोणी दोन वर्षं. या पद्धतीला जगभर थेराप्युटिक कम्युनिटी म्हणतात, आपण उपचारसमूह म्हणू. इथे औषध आहे, डॉक्टर आहेत, मी समुपदेशक आहे. पण उपचाराचा मोठा भाग एकत्र राहण्यातून होतो, आणि एकत्र राहायचं तर चहा कोणीतरी करावा लागतो.

सकाळी साडेसात

मी पोचते तेव्हा गोळ्यांची वेळ असते. प्रत्येकाचा डबा वेगळा. आपलं पाकीट स्वतः काढायचं, गोळीचं नाव आणि मात्रा मोठ्यानं वाचायची, मग घ्यायची. नर्स शेजारी उभी असते, पण गोळी हातावर ठेवत नाही. पुढे भाड्याच्या खोलीत राहताना शेजारी नर्स असणार नाही.

क्लोझापिन घेणारे या वेळी अर्धवट झोपेत असतात. इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावर हे औषध गुणकारी आहे, आणि त्याची किंमतही मोजावी लागते. तोंडात लाळ साठते, वजन वाढतं, बद्धकोष्ठ होतो, सकाळी डोळे उघडत नाहीत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होऊ शकतात, म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. या तपासण्यांच्या तारखांची वही आमच्याकडे एका शुभार्थीकडे आहे. हे गृहस्थ पूर्वी बँकेत होते. ज्यांनी परवानगी दिली आहे त्यांच्या तारखा ते लाल शाईनं लिहितात आणि आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला आठवण करतात. त्यांच्या हाताखाली एकही तारीख चुकलेली नाही.

आज पोहे आहेत. चहा नाही. टेबलावर कोणी काही बोलत नाही, पण सगळ्यांच्या मनात काय आहे ते कळतं. बोलायची जागा नऊ वाजता आहे.

सकाळी नऊ

घरातला हा सर्वांत महत्त्वाचा तास. सतरंजीवर गोल करून सगळे बसतात, आम्ही कर्मचारीही त्याच गोलात. अध्यक्ष दर आठवड्याला बदलतो आणि तो शुभार्थींपैकीच असतो. या आठवड्यात बार्शीच्या बाई आहेत. त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवलं आहे, आणि ते त्यांच्या आवाजात अजून आहे. आधी प्रत्येकानं रात्र कशी गेली ते एका वाक्यात सांगायचं, मग विषय.

पहिला विषय कंडक्टरकाकांनी मांडला. ते एसटीतून निवृत्त झाले आहेत.

"आज चहा नव्हता. या महिन्यात तिसऱ्यांदा."

ज्याची पाळी होती तो चोवीस वर्षांचा मुलगा खाली बघत होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्याचा आजार सुरू झाला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "रात्रभर आवाज येत होते."

"आवाज मलाही येतात," काका म्हणाले. "भर गर्दीच्या गाडीत यायचे. तरी तिकिटं द्यायला लागायचीच."

हे वाक्य मी बोलले असते तर ते क्रूर झालं असतं. डॉक्टर बोलले असते तर तो उपदेश झाला असता. काका तो आजार पंचवीस वर्षं अंगावर वागवत आले आहेत, म्हणून त्यांना हे म्हणण्याचा अधिकार आहे आणि त्या मुलाला ते ऐकून घेता येतं. पण तेवढ्यावर थांबलं असतं तरी अन्यायच झाला असता. कोपऱ्यातून एक जण म्हणाला, "काका, तुम्ही तेव्हा क्लोझापिनवर नव्हता. मी आहे. सहाला उठायचं म्हणजे कोणी छातीवर बसल्यासारखं वाटतं." मग त्या मुलाकडे वळून त्यानं विचारलं, "आवाजांमुळे उठता आलं नाही, की गोळीमुळे?"

मुलानं विचार केला. "गोळीमुळे. आवाज दोनपर्यंत होते. नंतर झोप लागली, मग जागच आली नाही."

आजार कुठे संपतो, औषधाचा परिणाम कुठे सुरू होतो आणि निव्वळ कंटाळा कुठला, ही फोड करणं फार कठीण असतं. ओपीडीत दहा मिनिटांत ती होत नाही. ज्यांनी तिन्ही गोष्टी सोसल्या आहेत अशा माणसांच्या गोलात ती पाच मिनिटांत झाली.

पुढची चर्चा बराच वेळ चालली. बार्शीच्या बाईंनी सुचवलं, याला सकाळऐवजी दुपारी चारचा चहा द्यावा. बँकेतल्या साहेबांनी विरोध केला: उद्या प्रत्येक जण औषधाचं कारण सांगेल, मग सकाळी उठणार कोण? प्रश्न रास्त होता. एका मावशींनी त्या मुलालाच विचारलं की तुला काय वाटतं. तो म्हणाला, चारचा चहा करेन, शिवाय सकाळी ज्याला माझ्या जागी उठावं लागेल त्याची भांडी घासेन. मतदान झालं. 11 विरुद्ध 5, दोघे तटस्थ. शिवाय एक अट घातली गेली: गुरुवारी डॉक्टर येतील तेव्हा गोळी रात्री थोडी लवकर घेता येईल का, हे त्यानं स्वतः विचारायचं. ताईंनी, म्हणजे मी, नाही.

औषधाची मात्रा आणि वेळ मतदानानं ठरत नाही. जिवाला धोका असेल, कोणी कोणाच्या अंगावर हात टाकला असेल, स्त्रियांच्या सुरक्षेचा प्रश्न असेल, तर तेही मतावर सोडत नाही. बाकी जवळजवळ सगळं सोडतो: जेवणात काय, टीव्ही किती वाजेपर्यंत, नवीन माणूस घ्यायचा की नाही, नियम मोडला तर पुढे काय.

ही पद्धत कोणाच्या डोक्यातून एकदम निघालेली नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या मिल हिल भागात मॅक्सवेल जोन्स नावाचे मनोविकारतज्ज्ञ अशा सैनिकांवर उपचार करत होते, ज्यांना धाप लागायची, छातीत दुखायचं, पण हृदयात दोष सापडायचा नाही. शंभरेक जणांना एकत्र बसवून जोन्स शरीराचं काम समजावून सांगू लागले. काही दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की जुने सैनिक नव्यांना समजावतात तेव्हा ते जास्त पटतं, आणि समजावणाराही सुधारतो. त्याच काळात बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात विल्फ्रेड बिऑन यांनी रोज दुपारी 12 वाजून 10 मिनिटांनी सगळ्या वॉर्डाची सभा सुरू केली. सहा आठवड्यांत तो प्रयोग वरिष्ठांनी बंद पाडला, पण त्याच रुग्णालयात तो दुसऱ्यांदा उभा राहिला, आणि 1946 मध्ये टॉम मेन यांनी तिथल्या अनुभवावर लिहिताना सबंध रुग्णालयच उपचाराचं साधन कसं होऊ शकतं ते मांडलं. जोन्स 1947 मध्ये बेल्मॉन्ट रुग्णालयात गेले. त्यांचं तिथलं युनिट पुढे हेंडरसन हॉस्पिटल म्हणून नावाजलं. रॉबर्ट रॅपोपोर्ट या मानववंशशास्त्रज्ञानं तिथे राहून अभ्यास केला आणि 1960 साली चार सूत्रं नोंदवली: निर्णयात सगळ्यांचा वाटा, एकमेकांचं वागणं सोसून घेणं, सगळं मिळून करणं, आणि आपल्या वागण्याचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो ते तोंडावर सांगणं.

वाचताना ही चार सूत्रं शेजारीशेजारी शांत बसलेली वाटतात. गोलात ती भांडतात. सोसून घ्यायचं की तोंडावर सांगायचं, हाच आज चहाचा प्रश्न होता, आणि तो रोज नव्यानं सोडवावा लागतो.

सकाळी साडेदहा

बैठकीनंतर आम्ही कर्मचारी वीस मिनिटं बसतो. कोण गप्प होतं, कोण जास्त बोललं, आपल्यापैकी कोणाला मध्ये पडायचा मोह झाला. आज वरच्या मजल्यावरची एक तरुणी बैठकभर दाराकडे बघत होती, हे नर्सनं टिपलं होतं. माझ्या नजरेतून ते सुटलं होतं.

मग काम. चौघे स्वयंपाकात, तिघे परसातल्या भाजीत, बाकीचे मसाल्याच्या खोलीत. गोडा मसाला भाजणं, कुटणं, पाकिटं भरून वजन करणं. गावातली दोन दुकानं आणि शहरातले काही ओळखीचे लोक घेतात. मेणबत्त्या आणि कागदी फुलं करून घ्यायची आणि ती कपाटात पडू द्यायची, असं काम मी पूर्वी बरंच पाहिलं आहे. त्यातून माणसाला एवढंच कळतं की आपण काही करत नाही. मसाला करपला तर गिऱ्हाईक परत करतं. भाजी खारट झाली तर सतरा जण सांगतात. कामाला अर्थ असला की त्यातल्या चुकीलाही अर्थ येतो. पाच-पाच वर्षं ज्यांच्याकडून कोणी काहीच मागितलं नाही, त्यांना हे मागणं सुरुवातीला नकोसं होतं. मग एक दिवस तेच विचारतात की धणे संपलेत, आणायचे कोणी.

दुपारी दोन

जेवणं आटोपून बहुतेक जण पडले आहेत. समाजकार्याच्या दोन विद्यार्थिनी भेटीला आल्या आहेत. त्यातली एक सरळ विचारते, "मॅडम, याचा उपयोग होतो याला पुरावा काय?"

मला हा प्रश्न आवडतो. उत्तर स्वच्छ द्यायला हवं. बरीच जुनी संशोधनं कच्ची आहेत, कारण ज्यांना राहायचं होतं तेच राहिले आणि त्यांचीच तुलना झाली. 2017 मध्ये ब्रिटनमध्ये व्यक्तिमत्त्वविकार असलेल्या 70 जणांवर नीट चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रमाणात दोन गटांत फरक दिसला नाही. पण दोन वर्षांनी उपचारसमूहातल्या लोकांचं स्वतःला आणि इतरांना इजा करणं कमी झालं होतं, आणि उपचारांबद्दल ते अधिक समाधानी होते. म्हणजे ही जादू नाही, आणि फुकटही गेलेलं नाही. शिवाय ती चाचणी वेगळ्या आजारावरची. स्किझोफ्रेनियासाठी मी ती जशीच्या तशी वापरू शकत नाही, हेही तिला सांगितलं.

आणि एक गोष्ट. कॅलिफोर्नियात 1971 साली लॉरेन मोशर यांनी सोटेरिया नावाचं घर सुरू केलं, तिथे पहिल्यांदा आजारी पडलेल्यांना शक्य तितक्या कमी औषधांवर माणसांच्या सोबतीनं सांभाळलं जाई. तरुण विद्यार्थ्यांना ते फार भावतं. मलाही त्यातली माणुसकी मोलाची वाटते. पण औषध सोडून पुन्हा आजारी पडलेली इतकी माणसं मी पाहिली आहेत, की सोबत की औषध हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. सोबत असली तर औषध टिकतं.

महाराष्ट्रात या विचाराचं सर्वांत ओळखीचं रूप व्यसनमुक्तीत दिसतं. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीनं. व्यसनातून बाहेर आलेली माणसंच तिथे पुढच्यांना सांभाळू लागली. दारू सुटलेला माणूस दुसऱ्याची दारू सोडवू शकतो, हे आपल्या समाजानं स्वीकारलं. स्किझोफ्रेनिया झालेला माणूस दुसऱ्याला सावरू शकतो, हे मात्र अजून पुष्कळांना पटत नाही. त्या मुलींना मी सकाळच्या बैठकीला यायला सांगितलं आहे, सगळ्यांची परवानगी घेऊन.

दुपारी चार

चहा आला. आलं जरा जास्त झालंय, पण गरम आहे आणि वेळेवर आहे. छोट्या गटात तीन ते चार काय बोलणं झालं ते तिथेच राहतं, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

एक वडील भेटायला आलेत. शुभंकरांशी, म्हणजे घरच्या सांभाळणाऱ्यांशी बोलणं हे माझ्या कामातलं सर्वांत नाजूक काम. ते मुलाच्या देखत मला विचारतात, "आंघोळ करतो का हा? काही कामाचा झाला का?" लंडनमधल्या अभ्यासांनी 1970 च्या दशकातच दाखवून दिलं होतं की घरात टीका, राग किंवा अतिकाळजी जास्त असेल आणि माणूस आठवड्याला 35 तासांहून अधिक त्याच सहवासात असेल, तर आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो. यातून आईवडिलांनी आजार दिला असा अर्थ कोणी काढू नये. हे वडील गेली आठ वर्षं रात्री जागले आहेत, त्यांची पेन्शन औषधात गेली आहे. टीका करणारा माणूस बहुतेक वेळा दमलेला माणूस असतो. म्हणून महिन्यातून एकदा शुभंकरांची बैठकही भरते, आणि तिथे जुने वडील नव्या वडिलांना सांगतात.

अमृतसरच्या मनोरुग्णालयात 1950 च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना सोबत राहायला बोलावलं होतं. नातेवाइकांना आजार कळला, रुग्णांना घर तुटलं नाही असं वाटलं, आणि लोक लवकर घरी परतू लागले. उपचारसमूहाचा हा आपल्या मातीतला धडा आहे. तो वाढवायला हवा होता. आज किती मनोरुग्णालयांच्या आवारात नातेवाइकासाठी एक खाट तरी असते?

संध्याकाळी साडेपाच

गावात फेरी. किराणा, भाजी, कोणाला सलूनमध्ये जायचंय. सुरुवातीला गावानं आम्हाला नको म्हटलं होतं. मन वळवण्यात भाषणांपेक्षा उधारी वेळेवर चुकवण्याचा वाटा मोठा होता.

मनोरुग्णांना समाजापासून दूर ठेवण्याची किंमत देशानं पाहिली आहे. तमिळनाडूतल्या एरवाडीत 6 ऑगस्ट 2001 रोजी झोपडीवजा आश्रमाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या माणसांना पळता आलं नाही, 28 जण गेले. त्यानंतर देशात बरंच हललं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं समाजात राहण्याचा हक्क दिला आणि सरकारनं कमी निर्बंधांची, मधल्या टप्प्याची घरं उभारावीत असं लिहिलं. तरी 2021 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राला सांगावं लागलं की मनोरुग्णालयातून बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात पाठवणं थांबवा. बरा झालेला माणूस भिक्षेकरी गृहात! ज्या घरांत ही माणसं जायला हवी होती ती घरं बांधलीच गेली नाहीत, म्हणून हे झालं. आमच्यासारखी बहुतेक घरं कुटुंबांच्या पैशांवर चालतात. म्हणजे ज्यांना कुटुंबच नाही त्यांना दार बंद. इथे काम करताना हे मला रोज टोचतं.

फेरीत कंडक्टरकाका, बँकेतले साहेब आणि आणखी एक जण मागे राहिले. ते देवळामागच्या एका घरमालकाशी बोलत होते.

संध्याकाळी साडेसात

घंटा वाजली. तातडीची बैठक कोणीही, कधीही बोलावू शकतं. बोलावली होती बार्शीच्या बाईंनी: सकाळी दाराकडे बघणाऱ्या तरुणीनं बॅग भरली आहे. भावाचं लग्न ठरलं आणि तिला कळवलंसुद्धा नाही. आज मैत्रिणीच्या मोबाईलवर फोटो दिसले.

आमच्या दाराला बाहेरून कडी नाही. ती स्वतःच्या इच्छेनं आली आहे, स्वतःच्या इच्छेनं जाऊ शकते. कोणी तिला राहा म्हणालं नाही. मावशी म्हणाल्या, "माझ्या मुलीच्या लग्नात मला मागच्या खोलीत बसवलं होतं." दुसरा म्हणाला, गोळ्या बरोबर घेतल्यास का. तिनं घेतल्या नव्हत्या. रात्रीची गाडी किती वाजता, स्टँडवर कोण उतरवून घेणार, घरी कोण दार उघडणार, असे साधे प्रश्न. ती रडली, मग चिडली, मग म्हणाली सकाळी जाते. सकाळी ती खरंच जाणार आहे. समूहानं ठरवलं की तिची खाट पंधरा दिवस राखायची, नर्सनं महिन्याच्या गोळ्या बांधून द्यायच्या आणि दर दोन दिवसांनी कोणीतरी फोन करायचा. फोन करण्यासाठी चार हात वर झाले.

मला ती राहायला हवी होती. ती अजून पुरती स्थिर झालेली नाही असं मला वाटतं, आणि तसं मी बैठकीत सांगितलंही. निर्णय तिचा.

रात्री साडेनऊ

रात्रपाळीला नोंदवही दिली. क्लोझापिनच्या वेळेचा प्रश्न गुरुवारसाठी लिहिला. तरुणीच्या बसची वेळ, तिच्या आईचा नंबर.

निघताना टेबलाशी ते तिघे वही उघडून बसले होते. देवळामागची खोली ठरते आहे. भाडं, डिपॉझिट, गॅसची शेगडी, विजेचं बिल, सगळं तीन भागांत. वाद स्वयंपाकावर अडला होता. साहेबांना आमटीशिवाय चालत नाही आणि काकांना रोज आमटी चालत नाही. रविवारी सकाळी नऊला तिघांची बैठक घ्यायची, अध्यक्ष आळीपाळीनं, एवढं मात्र एकमतानं लिहून झालं होतं. मी विचारलं, पहिल्या बैठकीला येऊ का.

काका म्हणाले, "नको ताई. लागलं तर आम्ही बोलावू."